यंत्र उघडण्यापूर्वी

छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सिल्लोड हे तालुक्याचे गाव आहे. जगप्रसिद्ध लेण्यांना ज्याचे नाव मिळाले, ते अजिंठा गाव याच तालुक्यात मोडते. भोवतालची जमीन कपाशीची, मक्याची आणि मिरचीची. दिवाळी सरली, की खळ्यांवर मक्याचे ढीग लागतात, घराघरांत कापूस येऊन पडतो, आणि भुसकट व कापसाचे तंतू वाऱ्याबरोबर सर्वत्र उडू लागतात. माणसांच्या नाकातोंडात जाणारी ही धूळ यंत्रांनाही सोडत नाही.

अशाच दिवसांतील ही गोष्ट. सिल्लोडमधील एका शेतकरी कुटुंबात सातवीत शिकणारा एक मुलगा होता. त्याची थोरली बहीण संभाजीनगरला महाविद्यालयात शिकत होती. सुट्टीत घरी येताना तिने आपला लॅपटॉप बरोबर आणला होता. काही कामासाठी ती दोन दिवस पुन्हा शहरात गेली, तेव्हा तो घरीच राहिला. अलीकडे तो लॅपटॉप लवकर तापे, त्याचा पंखा घरघर करी आणि काम चालू असताना तो मध्येच बंद पडे.

“ताई परत येण्यापूर्वी आपणच पंखा साफ करून ठेवावा,” असे मुलाच्या मनात आले. त्याने लॅपटॉप उलटा केला, स्वयंपाकघरातील सुरी आणली आणि तिच्या टोकाने तळाचे स्क्रू फिरवून पाहिले. एकाही स्क्रूने दाद दिली नाही. उलट एका स्क्रूच्या खाचेची कड मात्र झिजली. तेव्हा योग्य हत्यार मागण्यासाठी तो लॅपटॉप काखेत मारून मामांकडे निघाला.

मामांचे दुकान बाजाराच्या रस्त्यावर होते. एके काळी ते रेडिओ आणि दूरचित्रवाणी संच दुरुस्त करीत; पुढे त्यांनी मोबाइल व संगणकांचे काम आत्मसात केले होते.

“मामा, एक बारीक स्क्रूड्रायव्हर द्या. पाच मिनिटांचे काम आहे,” मुलगा म्हणाला.

मामांनी भिंगाचा चष्मा कपाळावर सरकवला. “देतो. पण आधी तीन प्रश्नांची उत्तरे दे. हा लॅपटॉप कोणाचा? याच्यात काय आहे? आणि जे आहे ते नाहीसे झाले, तर पुन्हा कोठून मिळेल?”

“लॅपटॉप ताईचा आहे. त्यात तिचा अभ्यास असेल,” मुलगा म्हणाला. तिसऱ्या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नव्हते.

“ज्याची वस्तू, त्याला विचारल्यावाचून तिला हत्यार लावायचे नाही. हा पहिला नियम,” असे म्हणून मामांनी भाचीला फोन लावला. सगळी हकिकत ऐकून ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “मामा, त्यात आजीच्या ओव्या आहेत. गेल्या वर्षी प्रकल्पासाठी मी अजिंठ्याला जाऊन त्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. दुसरीकडे कोठेही नाहीत.”

आजी म्हणजे मामांची आई. ती त्याच वर्षी पावसाळ्यात वारली होती. मामा काही वेळ काहीच बोलले नाहीत. मुलाचा हात आपोआप लॅपटॉपवरून मागे आला.

“मामा, मी पासवर्ड सांगू का?” ताईने विचारले.

“नको. पासवर्ड फोनवरून सांगायचा नसतो. तू उद्या येशील, तेव्हा तुझ्याच हाताने टाक. तोवर आम्ही तयारी करतो.”

“स्क्रू काढायला कसली आली आहे तयारी?” मुलाने विचारले.

“शेत नांगरल्यावाचून कोणी पेरतो का?” मामा म्हणाले. “दुरुस्तीचे निम्मे काम यंत्र उघडण्यापूर्वीच होत असते. आणि यंत्र बिघडते, तेही बहुधा घाईने उघडणाऱ्याच्या हातून.”

प्रथम त्यांनी लॅपटॉप काचेच्या सपाट पट्टीवर ठेवला आणि तो डुगडुगतो का ते पाहिले. झाकण नीट मिटते का, बोट फिरवण्याचा चौकोन वर उचलला गेला आहे का, हेही त्यांनी तपासले. सर्व ठीक होते.

“हे पाहणे कशासाठी?” मुलाने विचारले.

“बॅटरी फुगली आहे का हे कळण्यासाठी,” मामा म्हणाले. लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. ती १९९१ साली प्रथम बाजारात आली. तिच्या शोधाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. थोड्या जागेत पुष्कळ ऊर्जा साठवणे हा तिचा मोठा गुण. परंतु तोच तिचा धोकाही आहे. ती जुनी झाली किंवा बिघडली, की तिच्यात वायू तयार होऊन ती फुगते. अशा बॅटरीला टोक लागले अथवा ती वाकली, तर तिच्या आतील पातळ थर एकमेकांना भिडतात, क्षणात उष्णता निर्माण होते आणि आग लागू शकते.

“ही फुगलेली निघाली असती, तर आपण तिला हात लावला नसता,” मामांनी बजावले. “फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची नाही. यंत्र बंद करून ते जाणत्या माणसाकडे सोपवायचे. तशी बॅटरी कचऱ्याच्या पेटीतही टाकायची नाही. टाकाऊ बॅटरींच्या विल्हेवाटीसाठी आपल्या देशात २०२२ पासून वेगळे नियम आहेत. त्या गोळा करणाऱ्या केंद्राकडेच द्यायच्या.”

मुलाला सकाळची सुरी आठवली. तळाचे झाकण निघत नाही असे पाहून तो तीच सुरी फटीत घालणार होता.

त्यानंतर मामांनी मेज आवरावयास घेतले. चहाचा पेला त्यांनी दूर ठेवला. मेजावरचे प्लास्टिकचे आच्छादन काढून तेथे खास रबरी चटई अंथरली. दिवा बरोबर मेजाच्या वर आणला. मग त्यांनी मुलाच्या लोकरी स्वेटरकडे पाहिले.

“उद्या काम करताना हा स्वेटर अंगात नको. सुती सदरा घालून ये.”

“थंडी वाजेल की, मामा!”

मामांनी खणातून प्लास्टिकचा कंगवा काढला, तो मुलाच्या कोरड्या केसांवरून पाच-सहा वेळा फिरवला आणि कागदाच्या कपट्यांजवळ नेला. कपटे टुणकन उडी मारून कंगव्याला चिकटले.

“ही स्थितिक विद्युत. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत लोकर आणि कृत्रिम धाग्यांचे कपडे अंगावर घासले, की ती आपल्या शरीरावरही साठते. दाराच्या कडीला हात लावताच कधी चटका बसतो ना? तो बसतो, तेव्हा शरीरावरील विभव साधारणपणे ३,००० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. साठलेला प्रभार अगदी थोडा असतो, म्हणून आपल्याला इजा होत नाही. परंतु यंत्रातले काही नाजूक भाग १०० व्होल्टपेक्षाही कमी विभवाने बिघडू शकतात. म्हणजे तुला काही कळणारही नाही, चटका बसणार नाही, ठिणगी दिसणार नाही. आणि भाग मात्र निकामी झालेला असेल.”

यावर उपाय म्हणून कारागीर मनगटाला एक पट्टा बांधतात. त्या पट्ट्याची तार जमिनीशी जोडलेल्या चटईला लावतात, त्यामुळे शरीरावरील प्रभार सावकाश निघून जातो. तारेत दहा लाख ओहमचा रोध बसवलेला असतो. एखादे वेळी चुकून हात विजेला लागला, तरी त्या रोधामुळे शरीरातून मोठा प्रवाह वाहत नाही. “पण म्हणून घरी कोणतीही तार विजेच्या भोकात खुपसायची नाही,” मामांनी ताकीद दिली. “आणि चार्जर तर कधीच उघडायचा नाही. त्यात घराची वीज खेळते.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई आली. मुलगा सुती सदरा घालून आधीच हजर होता. मामांनी ताईला विचारले, “याची हमीची मुदत संपली आहे ना? मुदत बाकी असेल, तर यंत्र कंपनीच्या दुरुस्ती केंद्राकडेच न्यावे.” मुदत संपलेली होती. मग त्यांनी लॅपटॉपच्या तळावरील छापील क्रमांक उतरवून घेतला आणि त्याच बनावटीची दुरुस्ती-पुस्तिका आपल्या संगणकावर काढली. कोणते स्क्रू कोठे आहेत, झाकण कोणत्या बाजूने सुटते आणि बॅटरीची जोडणी कोठे आहे, हे तिघांनी आधी चित्रात पाहून घेतले.

आता यंत्र चालू करायचे होते. ते तापू नये म्हणून मामांनी त्याच्या दोन कडांखाली लाकडी पट्ट्या ठेवल्या आणि समोर टेबलपंखा लावला. मधेच वीज कमी पडू नये म्हणून चार्जर जोडला. ताईने पासवर्ड टाकला. साठवणीवर सांकेतिक कुलूप आहे असे दिसताच मामांनी त्या कुलपाची लांबलचक किल्ली तिला वहीत लिहून घेण्यास सांगितले. कारण दुरुस्तीनंतर यंत्र कधी कधी तीच मागते, आणि ती नसेल, तर मालकालाही स्वतःची माहिती मिळत नाही. मग बाहेरची हार्ड डिस्क जोडून सर्व माहितीची प्रत करण्यास प्रारंभ झाला.

प्रत तयार होत असताना मामा म्हणाले, “आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांत यातलाच एक धडा लिहिलेला आहे. १८४४ साली रॉबर्ट गिल नावाच्या सैनिकी अधिकाऱ्याला भिंतींवरील चित्रांच्या नकला करण्याचे काम मिळाले. अनेक वर्षे खपून त्याने मोठमोठी चित्रे तयार केली. ती विलायतेला गेली आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शन-भवनात लावली गेली. १८६६ च्या डिसेंबरात त्या भवनाला आग लागली आणि त्यांतील बहुतेक सारी जळून गेली. पुढे १८७२ पासून मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ लंडनमध्येच १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या.”

“मग काय उपयोग झाला?” मुलगा हळहळून म्हणाला.

“मूळ चित्रे भिंतींवर होती, म्हणून सर्वनाश टळला. पण त्या मूळ चित्रांचेही एक दुःख आहे. ती उठून दिसावीत म्हणून त्यांच्यावर रोगण लावले गेले. हेतू चांगलाच होता. परंतु कालांतराने रोगण पिवळे पडले आणि रंग झाकले गेले. ते काढण्यासाठी पुढच्या पिढ्यांना किती जपून काम करावे लागले! यातून दोन गोष्टी शिकाव्यात. मौल्यवान वस्तूच्या प्रती कराव्यात, पण त्या सगळ्या एकाच छपराखाली ठेवू नयेत. आणि जे उलटवता येत नाही, ते करण्यापूर्वी थांबावे.”

ओव्यांची दुसरी प्रत त्यांनी पेन ड्राइव्हवर केली. हार्ड डिस्क सिल्लोडच्या घरी राहील आणि पेन ड्राइव्ह ताई आपल्याबरोबर संभाजीनगरला नेईल, असे ठरले.

“झाली ना आता प्रत?” मुलाने विचारले.

“झाली असे यंत्र म्हणते. उघडून पाहिल्याशिवाय आपण म्हणायचे नाही.”

ताईने पेन ड्राइव्ह मामांच्या संगणकाला जोडला आणि त्यातील एक मुद्रण सुरू केले. आधी जात्याची घरघर ऐकू आली. मग बांगड्यांची किणकिण. आणि त्यापाठोपाठ आजीचा थोडासा कापरा, पण गोड आवाज दुकानात भरून राहिला. रस्त्यावरची वर्दळ चालूच होती. आत मात्र कोणी बोलत नव्हते. मामांनी चष्मा काढून पुसला. मुलगा तळाच्या त्या झिजलेल्या स्क्रूचा विचार करीत होता.

ओवी संपल्यावर मामांनी लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवला. “आता बॅटरी पाव भागापेक्षा खाली उतरू द्यायची. भरलेल्या बॅटरीत ऊर्जा जास्त, म्हणून अपघात झाला तर धोकाही जास्त.”

“तोवर काय करायचे?”

“लॅपटॉपवर ओव्या लाव,” मामा म्हणाले. “बॅटरीही उतरेल आणि आईचे गाणेही होईल.”

तासाभराने बॅटरी पुरेशी उतरली. मुलगा लॅपटॉपचे झाकण मिटू लागला, तेव्हा मामांनी त्याला थांबवले. झाकण मिटल्याने यंत्र बहुधा बंद होत नाही. ते केवळ झोपते, आणि झोपेतही त्याच्या नाड्यांतून वीज वाहत असते. म्हणून ताईने आज्ञा देऊन ते रीतसर बंद केले. दिवा मालवला आणि पंखा थांबला, याची खात्री करून घेतली. मग माउसची बारीक कळ आणि कडेच्या फटीतील मेमरी कार्ड काढून घेतले. कार्ड आत राहिले असते, तर झाकण ओढताना ते आणि त्याची खोबण दोन्ही मोडली असती.

मामांनी बोटातील अंगठी काढली. एका कोऱ्या कागदावर त्यांनी लॅपटॉपच्या तळाची आकृती काढून घेतली आणि प्रत्येक स्क्रूच्या जागी फुली केली. जो स्क्रू जेथून निघेल, तो कागदावर तेथेच चिकटपट्टीने लावायचा होता. तळाचे सगळे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू बसवला, तर त्याचे टोक आतील भागात घुसते. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो घेण्याचे काम ताईकडे आले.

एवढे झाल्यावर मामांनी मुलाच्या मनगटाला पट्टा बांधला, खाचेत अचूक बसणारा स्क्रूड्रायव्हर निवडला आणि त्याच्या हाती दिला. “आता घे. सरळ धर. आधी दाब, मग फिरव.”

एकेक स्क्रू निघू लागला. सुरीने झिजलेला स्क्रू मात्र फिरेना. मामांनी त्याच्या खाचेवर रबराचा एक पातळ तुकडा ठेवून पुन्हा प्रयत्न करण्यास सांगितले. खाचेतील रिकामी जागा रबराने भरून निघाली आणि तोही सुटला. झाकण धातूच्या हत्याराने न उचलता त्यांनी प्लास्टिकच्या पातळ पट्टीने कडेकडेने मोकळे केले.

“अजून कशालाही हात लावायचा नाही,” मामा म्हणाले. पुस्तिकेतील चित्राशी ताडून त्यांनी सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवली आणि नंतर चालू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरले. यंत्रातील धारित्रांत उरलेला प्रभारही त्यामुळे निघून गेला. “आता हे यंत्र खरोखर शांत झाले.”

पंख्याशेजारच्या पाकळ्यांवर मक्याच्या भुसकटाचा आणि कापसाच्या तंतूंचा जाड थर बसला होता. मऊ ब्रशाने तो काढताना मुलाने पंख्याचे पाते बोटाने अलगद धरून ठेवले. पंखा साफ करण्यास जेमतेम अर्धा तास लागला. तयारीला मात्र दोन संध्याकाळी लागल्या होत्या. सगळे स्क्रू कागदावरून आपापल्या जागी परतले. एकही उरला नाही, एकही कमी पडला नाही. लॅपटॉप चालू झाला, तेव्हा पंख्याची घरघर थांबली होती.

घरी जाताना मुलगा म्हणाला, “मामा, काल मी पाच मिनिटांचे काम म्हणालो होतो.”

“पाच मिनिटांत झालेही असते,” मामा हसून म्हणाले. “पण पाच मिनिटांत काय काय झाले असते, ते सांगता येत नाही.”

त्यांनी हार्ड डिस्क रुमालात गुंडाळून मुलाच्या हाती दिली. बाजारातील गर्दीतून तो घरी निघाला, तेव्हा ती त्याने दोन्ही हातांनी धरली होती.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) मामांनी मुलाला कोणते तीन प्रश्न विचारले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुढे कसे मिळाले?
(आ) बॅटरी फुगली आहे हे कोणत्या खुणांवरून ओळखता येते?
(इ) अजिंठ्याच्या चित्रांच्या हकिकतीवरून मामांनी कोणत्या दोन गोष्टी सांगितल्या?

२. कारणे द्या.
(अ) मामांनी मुलाला लोकरी स्वेटर घालू नको असे सांगितले.
(आ) स्क्रू कागदावरील आकृतीत लावून ठेवले.
(इ) झाकण उघडताच सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवली.

३. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
दाद देणे; आत्मसात करणे; ताकीद देणे; खात्री करून घेणे.

४. आपल्या घरातील पुन्हा न मिळणारी एखादी वस्तू, पत्र, छायाचित्र किंवा आवाज कोणता? तो जपण्यासाठी काय करता येईल, ते दहा ओळींत लिहा.